वरचे सगळे बॉल तुझे

अशोक,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सात जण बोलले आणि सातही जण तुझ्या डोक्याबद्दल बोलले. कन्हानच्या समाजभवनात खुर्च्या कमी पडल्या होत्या. बुद्धवंदना झाली आणि मग एकेक जण माइकपाशी येऊन तोच प्रसंग सांगू लागला. फायनल, शेवटची पाच मिनिटं, रिकामा गोल, आणि लाइनीवरून तू डोक्याने परत पाठवलेला बॉल. एकाने सांगितलं तू हवेत उभाच राहिलास. दुसऱ्याने सांगितलं बॉल डोक्याला लागल्याचा आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू गेला. हार घातलेल्या फोटोत तू तिशीतला होतास, ओठ घट्ट मिटलेले. फोटो काढताना तू कधीच हसला नाहीस.

मग माझं नाव पुकारलं. "अशोकभाऊंचे जिवलग मित्र, त्यांच्याच संघाचे गोलकीपर, विजयराव." मी उभा राहिलो, गळ्याला हात लावला, आवाज बसलाय अशी खूण केली आणि खाली बसलो. समोरच्या रांगेतून रत्नमाला वहिनींनी वळून पाहिलं. माझा आवाज ठणठणीत होता. सकाळीच मी रिक्षावाल्याशी भांडलो होतो.

तिथे जे बोललो नाही ते तुला लिहितो आहे. तुला यातलं किती माहीत होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तू आलास तेव्हा फॉरवर्ड होतास, हे आता कोणाच्या लक्षातही नाही. कामठीच्या ग्राउंडवर खात्याच्या संघाची निवड होती. खेळाडू म्हणून सरकारी नोकरी मिळणार, म्हणून अख्ख्या विदर्भातून पोरं आली होती. तू कन्हानहून वडिलांची सायकल घेऊन आलास. वडील खाणीत होते, त्या दिवशी ते पायी ड्यूटीवर गेले, हे तू नंतर सांगितलंस. तू दोन गोल मारलेस आणि आपले कोच, सरांनी, तुला बोलावून सांगितलं, "उद्यापासून तू मागे खेळायचं. स्टॉपर." स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. तो चुकला की गोलच.

तू माझ्याजवळ येऊन पाय आपटलास. मला तू ओळखतही नव्हतास.

"काहून बे? दोन गोल मारले ना मी! मंग मागं काहून?"

"सरांना विचार ना," मी म्हणालो.

"त्याहिले काय विचारू? तू गोली हायेस ना? तुले त आवडते का मागं उभं राहणं?"

"आवडतं."

"मंग तू येडा हायेस," तू म्हणालास आणि माझ्या बाटलीतलं पाणी पिऊन टाकलंस. त्या दिवशी सुरू झालेली आपली दोस्ती पुढे अडतीस वर्षं टिकली, मधले सहा महिने सोडून. त्या सहा महिन्यांकडे मी येणारच आहे.

मी गोलकीपर वाईट नव्हतो. जमिनीलगतचे बॉल मी मांजरासारखा धरायचो आणि पेनल्टी अडवताना तर लोक मला पाहायला येत. पण वरून येणारा बॉल मला जमत नव्हता. उंची कमी, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भीती. कॉर्नर आला, गोलपुढच्या पेटीत दहा-बारा माणसं उडायला लागली, की माझे पाय लाइनीला चिकटायचे. आपल्या तिसऱ्याच मॅचमध्ये मी धीर करून बाहेर आलो, बॉल हुकला आणि गोल झाला. ड्रेसिंग रूममध्ये सर मला वाट्टेल ते बोलले. बाहेर तर्री-पोहे खाताना तू हळूच म्हणालास, "इज्या, तू जागा सोडू नको. वरचे सगळे माहे."

"सगळे?"

"सगळे. तू फक्त आवाज दे. बाकी मी पाहतो."

आपल्या दोघांतला हा करार कोणालाच कळला नाही. बाहेरच्यांना वाटायचं अशोकचं टायमिंगच असं आहे की गोलकीपरला बाहेर यायची वेळच येत नाही. मी नुसता ओरडायचो, "अशोक, तुझा!" आणि तू उडायचास. मॅचमध्ये वीस-पंचवीस वेळा, रोजच्या प्रॅक्टिसमध्ये त्याच्या दुप्पट. तेव्हाचे चामड्याचे बॉल पावसात पाणी प्यायचे. ओला बॉल डोक्यावर घेतला की तुझे डोळे क्षणभर मिटायचे. खोलीवर आल्यावर तू ओला टॉवेल डोक्याला गुंडाळून पडायचास आणि मी कपाळाला बाम चोळून द्यायचो. आपण त्यावर हसायचो. मी तुला 'पगडीवाले' म्हणायचो.

तू माझ्यासाठी काय केलंस ते इथे लिहायला बसलो तर संपणार नाही. माझी आई धंतोलीच्या दवाखान्यात अकरा दिवस होती, तेव्हा प्रॅक्टिस संपवून तू रोज डबा घेऊन यायचास. आई तुला विचारायची, "तू कोन्या देवाले मानतं रे बाबू?" तू म्हणायचास, "आमी बाबासाहेबाले मानतो, आई. पन तुमाले बरं वाटाले पाह्यजे म्हणून तुमच्या मारुतीलेही सांगून आलो." तू खरंच त्या चौकातल्या मारुतीसमोर उभा राहून आला होतास. आई शेवटपर्यंत तुझं नाव काढायची.

मग कोलकात्याचं बोलावणं आलं. मोठा क्लब, खरं व्यावसायिक फुटबॉल. खात्याने तुला बिनपगारी रजा दिली आणि तू तीन सीझन तिकडे खेळलास. आठवड्यातून एकदा तू एसटीडी बूथवरून फोन करायचास. एकदा तू हसत म्हणालास, "इथला गोली वरचे सारेच स्वतः घेते बे. मी नुसता उभा राहतो. एक सांगू? माहं डोकंच दुखत नाही आता."

मी पण हसलो. त्या वाक्याचा अर्थ तेव्हा मला कळला नव्हता, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. तो मला त्याच क्षणी कळला होता, अशोक.

कारण इकडे मी बुडत होतो. तुझ्या जागी आलेला उंच होता, पण प्रत्येक उंच बॉल तो माझ्यावर सोडायचा. त्या सीझनला माझ्यावर इतके गोल झाले की सर दुसरा गोलकीपर शोधायला लागले. तेवढ्यात तुझ्या वडिलांची छाती बिघडली. क्लबने तुला आणखी दोन वर्षांसाठी विचारलं होतं आणि तुझा धाकटा भाऊ वडिलांपाशी राहायला तयार होता. मी तुला पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की वडील तुझी वाट पाहतात, बोलत नाहीत पण पाहतात. ते खरंही होतं. पण मी ते लिहिलं त्याचं कारण वडील नव्हते.

तू आलास. स्टेशनवर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, "बोलावलं ना तू, आलो." वडिलांना भेटायच्या आधी तू हे म्हणालास. तू नेमका कोणासाठी परत आलास, हे मला विचारायचं होतं. पुढे पंचवीस वर्षं आपण आठवड्यातून चार वेळा भेटत होतो आणि मी ते विचारलं नाही.

आता ती फायनल. लोक सांगतात ती नव्हे, झाली ती.

दुसऱ्या हाफची वीस मिनिटं झाली होती. आपण एका गोलने पुढे होतो. डावीकडून उंच बॉल आला, अगदी माझ्या पुढ्यात, चार पावलांवर. तो बॉल कोणत्याही गोलकीपरचा होता. मी ओरडलो, "अशोक, तुझा!" तू मागे धावत आलास, उडालास, आणि समोरून त्यांचा फॉरवर्ड उडाला. त्याचं कपाळ तुझ्या कानामागे बसलं. तू जसा पडलास तसा माणूस जागेपणी पडत नाही. हात पुढे आले नाहीत. मी तुझ्याजवळ गुडघ्यावर बसलो तेव्हा तुझे डोळे उघडे होते आणि तू माझ्याकडे पाहत नव्हतास.

मग तू उठलास. तोंडावर पाण्याचा हबका मारलास. मला विचारलंस, "स्कोर काय हाये?"

"एक-शून्य. आपण पुढे."

तू मान हलवलीस. बूट नीट केलास. पुन्हा विचारलंस, "स्कोर काय हाये बे?"

मी संघाचा कॅप्टन होतो. लाइनीबाहेरून सरांनी ओरडून विचारलं, "विजय, बरा आहे का तो? बदलू का?" बाकावर बदली स्टॉपर तयार होता, त्याने टी-शर्टसुद्धा काढला होता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू चुकीच्या गोलकडे तोंड करून उभा होतास.

मी म्हणालो, "बरा आहे सर. एकदम बरा आहे."

तू पंचवीस मिनिटं खेळलास. मी तुला नावाने हाका मारून जागेवर उभा करत होतो, आणि बॉल आला की तू उडत होतास, कारण ते तुझ्या अंगात होतं, त्याला शुद्धीची गरज नव्हती. शेवटच्या पाच मिनिटांत मी खाली पडलेलो असताना तू लाइनीवरून तो बॉल काढलास. ग्राउंड वेडं झालं. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, आणि तुझा चेहरा बाजारात हरवलेल्या माणसाचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू माझ्याकडे आलास. दार लावून घेतलंस. "इज्या, मले त्या मॅचचं काहीच याद नाही. हाफ टाइमले संत्री खाल्लेली याद हाये, मंग कप हातात हाये. मधलं कोरं. कोणाले सांगजो नको, टीममधून काढतीन."

मी म्हणालो, "नाही सांगत." तुझी नोकरी आणि माझी जागा, दोन्ही त्यात वाचत होती.

त्यानंतर आयुष्यभर लोक तुला तो हेड सांगत राहिले. लग्नात, चहाच्या टपरीवर, बुटीबोरीच्या कारखान्यातल्या मॅचला तू पाहुणा म्हणून गेलास तेव्हा. तू ऐकून घ्यायचास आणि मान हलवायचास. तुझ्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट तू सगळी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलीस. मला ते पाहवायचं नाही. मी उठून पान खायला जायचो.

खेळ सुटल्यावर तू कन्हानच्या ग्राउंडवर पोरापोरींना शिकवायला लागलास. पन्नाशी ओलांडली आणि तू चिडका व्हायला लागलास. आधी आम्हाला वाटलं वय. मग तू स्कूटर कुठे लावली ते विसरायचास. मग स्कूटर आहे हेच. एका संध्याकाळी तू जेवणाचं ताट भिंतीवर फेकलंस आणि वहिनी माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या साडीवर वरणाचे डाग होते. "विजूभाऊ, हे असे नव्हते," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच सुमारास आपलं भांडण झालं. मी ग्राउंडवर आलो होतो. तू बारा वर्षांच्या मुलींना रांगेत उभं करून हेड शिकवत होतास. मी कुठेतरी वाचलं होतं, टीव्हीवर ऐकलं होतं, तिकडे अमेरिकेत लहान मुलांना डोक्याने खेळू देत नाहीत म्हणून. मी तुला बाजूला घेऊन सांगितलं, "अशोक, या पोरींना डोक्यानं नको खेळवू. एवढ्या लहान वयात बरं नाही."

तू लाल झालास. "तू मले शिकवून राहिला? तू?"

"शिकवत नाही रे, सांगतो आहे."

"आयुष्यभर लाइनीवर उभा राह्यला आन आता मले सांगून राहिला! तुह्याच्यानंच त मी..."

आणि तू थांबलास. पुढचं वाक्य तू विसरलास की गिळलंस, मला समजलं नाही. तू शिट्टी वाजवून मुलींकडे निघून गेलास. मी सहा महिने तुझ्या घरी फिरकलो नाही. रागावलो होतो असं घरी सांगितलं. राग नव्हता, ते वाक्य तू पूर्ण करशील याची धास्ती होती. सहा महिन्यांनी आलो तर तू दारातच मिठी मारलीस. "कुठं होता बे इतके दिवस?" तुला भांडण आठवत नव्हतं. मला हायसं वाटलं, अशोक. तुझा आजार वाढला आहे हे दिसत असताना मला हायसं वाटलं.

धंतोलीतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे आपण तिघं गेलो. त्यांनी तुला आजची तारीख विचारली, घड्याळ काढायला सांगितलं. तू सगळे आकडे एकाच बाजूला काढलेस. मग त्यांनी आम्हाला विचारलं, "यांच्या डोक्याला कधी जोराचा मार लागला होता? बेशुद्ध वगैरे झाले होते?"

वहिनी म्हणाल्या, "फुटबॉल खेळत होते, लागतच राहते." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुझा गोलकीपर, मलाच माहीत असणार.

मी म्हणालो, "विशेष असं काही नाही डॉक्टर."

तू तेव्हा खिडकीतून खालची गर्दी पाहत होतास. वळून माझ्याकडे पाहिलंस. ओळखीचं पाहणं होतं की नुसतंच, कोण जाणे. तिथून पुढे चार वर्षं तू हळूहळू निघून गेलास. शेवटच्या वर्षी तू मला 'सर' म्हणायला लागलास. मी खुर्ची ओढून बसलो की तू अदबीने उठून उभा राहायचास. कितीही सांगितलं तरी बसायचा नाहीस.

कार्यक्रमानंतर चार दिवसांनी मी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पत्र, फायनल, सर, डॉक्टर, सगळं. त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही.

सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टरले तेव्हाच सांगतलं असतं त हे वाचले असते काय?"

"नाही वहिनी. वाचले नसते बहुतेक. आजार याच्यामुळेच झाला असंही कोणी खात्रीनं सांगू शकत नाही."

"मंग आता मले काहून सांगून राहिले? तुमच्या मनाले हलकं वाटावं म्हणून?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मी चार वर्षं इचार करत होती, माहंच काई चुकलं असन म्हणून. खाण्यापिण्यात, बोलण्यात. ताट फेकलं त मले वाटे, मीच तसं बोलली असन. तुमाले माहीत होतं आन तुमी माह्या घरी येऊन चहा पेत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "डॉक्टरकडे चला." धंतोलीला त्या आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर तुझी फाइल. डॉक्टर गोंधळले. "ताई, पेशंट तर आता..."

"मले माहीत हाये ते गेले म्हणून. हे भाऊ काही सांगतीन, ते लिहून घ्या."

मी सांगितलं. किती वेळ शुद्ध नव्हती, किती वेळा स्कोर विचारला, किती वर्षं, दिवसाला किती हेड. डॉक्टरांनी पेनने तीन ओळी लिहिल्या, तारीख टाकली, सही केली. वहिनींनी फाइल घेऊन त्या ओळी स्वतः पाहिल्या. इंग्रजी होतं. "काय लिहिलं?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि फाइल पिशवीत ठेवली.

खाली मी रिक्षा थांबवली, बसायला गेलो. त्या म्हणाल्या, "मी जाईन एकटी." मग आत बसल्यावर म्हणाल्या, "रविवारी पोरीसोरी येतात ग्राउंडवर, शिकवाले कोणी नाही. तुमी जा. त्यांच्या मायबापाले सांगा, मले सांगतलं तसंच. कमी करून नका सांगू. आन विजूभाऊ, काही दिवस घरी येऊ नका."

मी गेलो. पहिल्या रविवारी पालकांना उभं करून सांगितलं. आपल्या संघातला एक जुना खेळाडू तिथे होता. तो मध्येच म्हणाला, "मेलेल्या माणसाचं नाव काहून खराब करून राहिला बे? इतका मोठा खेळाडू!" मी म्हणालो, "नाव माझं खराब करतो आहे, त्याचं नाही." तो निघून गेला. दोन घरच्यांनी मुलींना परत नेलं. एका आईने विचारलं, "मग पोरीले लागलं त कोण सांगन, बाहेर बस म्हणून?" मी म्हणालो, मी सांगेन. तिचा विश्वास बसला असं वाटलं नाही. तरी तिने मुलीला ठेवलं.

तीन रविवार झाले. वहिनींचा फोन आलेला नाही. तुझी माफी मी मागत नाही, कारण तू असतास तर खांद्यावर हात टाकून 'जाऊ दे बे' म्हणाला असतास, आणि ते ऐकायचा मला हक्क नाही.

त्या दिवशी मी सरांना 'बदला' म्हणायला हवं होतं. तू बाकावर बसला असतास, तुला घरी नेलं असतं, आणि उरलेली पंचवीस मिनिटं वर आलेले बॉल मी घ्यायला गेलो असतो. निम्मे सुटले असते. आपण ती फायनल हरलो असतो, अशोक. बस, एवढंच झालं असतं.